घरातलं ऑफिस, घरातला संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरोघरी जाऊन संगणक, प्रिंटर आणि वाय-फायची कामं करताना तेच तेच प्रश्न कानावर पडतात. २०२० नंतर तर जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलेल्या घरांची कमी नाही. नेहमीचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक तक्रारींचं मूळ संगणकात नसतं. ते वीज, उष्णता, धूळ, वायर आणि खुर्ची यांच्यात असतं. म्हणून 'नवीन कोणता घेऊ?' हा प्रश्न मी मुद्दाम बराच खाली ठेवला आहे.

घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होतो. वेगळा यूपीएस घ्यावा लागेल का?

आधी इन्व्हर्टरच्या मागची बाजू बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर एक छोटा स्विच असतो: एकीकडे 'यूपीएस', दुसरीकडे 'नॉर्मल', 'इको' किंवा असंच काहीतरी. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला किंचित जास्त वेळ लागतो. पंख्याला आणि ट्यूबलाइटला तो जाणवत नाही, संगणकाला जाणवतो. आतला एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, वीज तुटल्यावर साधारण १५ ते २० मिलिसेकंदच तग धरतो. स्विच यूपीएसवर सरकवला की बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो, एक पैसा खर्च न करता.

एक तोटा आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज थोडं जरी खाली आलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. जिथे संध्याकाळी शेतीचे पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात, तिथे बॅटरी सारखी खर्ची पडत राहील. अशा ठिकाणी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि संगणकापुरता छोटा यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. त्यावर डेस्कटॉप आणि २२ इंची मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं चालतो. काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरतं, मीटिंग संपवायला नाही.

यूपीएस लाइट गेल्याबरोबर बंद पडतो. फेकून देऊ?

नका. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दम सोडते. बाकीचा यूपीएस ठणठणीत असतो. बॅटरी बदला, जुनी दुकानदाराला परत द्या. आतल्या शिशामुळे तिचे थोडे पैसे वजा होतात, ते मागून घ्या. आणि लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका. त्यातला फ्यूजर, म्हणजे पावडर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, तापताना काही सेकंद इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस लगेच ओव्हरलोड होतो.

लॅपटॉपला बॅटरी आहेच. मग लाइट गेल्यावर मी ऑफलाइन का होतो?

राउटर बंद होतो म्हणून. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार, आणि नेमकी त्याच सकाळी क्लायंटची मीटिंग असते. राउटरसाठी लिथियम बॅटरीचा छोटा यूपीएस मिळतो. तो घ्यायच्या आधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा: १२ व्होल्ट आहे की ९ की ५, आणि किती अँपिअर. घरात फायबरचा डबा वेगळा आणि वाय-फायचा राउटर वेगळा असेल तर दोघांनाही वीज लागते. एकालाच यूपीएस लावून 'चालत नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

तरीही नेट जात असेल तर तुमच्या घरात आत येणारी वायर बघा. पातळ फायबर थेट घरापर्यंत येत असेल, तर बिल्डिंगमधली वीज गेल्याने सहसा काही बिघडत नाही. वाटेत प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरना वीज लागत नाही. पण गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचपासून साधी लॅन केबल घरात आली असेल, तर तो स्विच लाइटबरोबर झोपतो. तिथे तुमच्या घरातल्या यूपीएसचा काही उपयोग नाही. केबलवाल्याच्या मागे लागा, नाहीतर फायबर घ्या.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय.

'एलओएस' लिहिलेला असेल तर प्रकाश तुमच्यापर्यंत पोहोचत नाही: फायबर तुटली, खारीने किंवा उंदराने कुरतडली, किंवा कपाट सरकवताना कडक वळली. राउटर बंद-चालू करून फरक पडणार नाही. सरळ तक्रार नोंदवा.

लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात. शॉक बसेल का?

चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी बारीक प्रवाह बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या मनगटातून वाट काढतो. चार्जर दोन पिनांचा असेल तर थोडं झिणझिणणं अपेक्षितच आहे. तीन पिनांचा असूनही होत असेल, तर दोष भिंतीत आहे. जुन्या वाड्यांमध्ये आणि साठ-सत्तर सालच्या बिल्डिंगांमध्ये सॉकेटचं तिसरं, मोठं भोक नुसतंच भोक असतं, मागे वायरच नसते.

इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थमध्ये साधा बल्ब लावून बघतो. लख्ख पेटला तर अर्थिंग आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. हा प्रयोग स्वतः करू नका. आणि एखादा इलेक्ट्रिशियन 'सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून देतो, काम होईल' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे सुटली तर संगणकाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

स्पाइक गार्ड आणि साधा एक्स्टेंशन बोर्ड यात फरक काय?

खऱ्या स्पाइक गार्डमध्ये अचानक चढलेलं व्होल्टेज स्वतःवर झेलणारा एक भाग असतो. खोक्यावर 'ज्यूल' असा आकडा लिहिलेला असेल तर तो बहुधा आहे. नुसतं लाल बटण आणि जाड प्लास्टिक असेल तर तो एक्स्टेंशन बोर्डच आहे, महाग विकलेला. अर्थिंग नसेल तर चांगला स्पाइक गार्डही अर्धंच काम करतो.

लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

जास्त चार्ज होऊन फुटणार वगैरे नाही. भरली की चार्जिंग थांबतं. पण लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: कायम १०० टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती सुरू करा आणि विसरून जा. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

टचपॅड एका बाजूने वर आला, क्लिक नीट होत नाही, झाकण पूर्ण मिटत नाही, असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. 'अजून चालतोय ना' म्हणून वापरत राहू नका. बंद करा, चार्जर काढा, बदलून घ्या. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढायचा सल्ला मी खरंच ऐकला आहे. तसं केलं तर आग लागते.

वायरलेस माउस मध्येच अडखळतो. सेल नवीन आहेत.

माउसचा छोटा रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह निळ्या यूएसबी पोर्टमध्ये आणि अगदी शेजारीच माउसचा रिसीव्हर, अशी जोडी बऱ्याच ठिकाणी दिसते. यूएसबी ३ वरून डेटा जोरात वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. मोठी फाइल कॉपी होत असतानाच माउस अडखळत असेल तर हेच कारण. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, किंवा हातभर यूएसबी एक्स्टेंशन केबलने डेस्कवर आणा. काचेच्या टेबलावर वापरत असाल तर आधी खाली एक जुनं कॅलेंडर ठेवून बघा.

हॉलमध्ये नेट पळतं, बेडरूममध्ये रांगतं.

राउटर टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात किंवा शोकेसमध्ये लपवलेला असतो, कारण 'दिसायला बरं दिसत नाही'. बाहेर काढा, उंचावर ठेवा, लोखंडी कपाटापासून दूर. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, पण भिंतीपुढे हरतो. २.४ जास्त लांब जातो, पण शेजारच्या सगळ्या फ्लॅटचे राउटर तिथेच गर्दी करून असतात. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा, बाकीचे एकमेकांवर चढतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. दुपारी जेवण गरम करायच्या वेळीच कॉल तुटत असेल तर कंपनीला शिव्या देऊ नका.

रोज आठ तास एकाच जागी बसून काम करत असाल तर खरं उत्तर वायर हेच आहे. कॅट ६ केबल टाकून घ्या. एका दुपारचं काम असतं.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण मीटिंगमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?

माइक सुरू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन कॉलसाठीच्या जुन्या पद्धतीवर उतरतात आणि ऐकू येणारा आवाजही पातळ होतो. हेडफोन बिघडलेला नाही. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. आवाज लगेच भरतो. मात्र मागे कुकरच्या शिट्ट्या आणि भांडी घासण्याचा आवाज असेल तर लॅपटॉपचा माइक तेही इमाने इतबारे पोहोचवतो. त्या घरांसाठी तोंडाजवळ माइक येणारा वायरचा साधा हेडसेटच मी सांगतो. चार्जिंगचं लचांडही नाही.

सी-टाइप केबलने मॉनिटर जोडला, चित्र येत नाही.

तोंड सारखं दिसलं तरी आतून सगळ्या केबली सारख्या नसतात. फोनबरोबर आलेली केबल बहुधा चार्जिंग आणि संथ डेटापुरती असते. शिवाय लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर येण्याची सोय हवी. पोर्टशेजारी डी-पी चं किंवा विजेचं बाणासारखं चिन्ह असेल तर बहुधा येईल. मॉडेलची माहिती बघून खात्री करा, नाहीतर एचडीएमआय जिंदाबाद.

इंक टँक प्रिंटर घेतला, मे महिन्यात गावाला जाऊन आलो आणि आता रेघा येतात.

शाई नळ्यांच्या टोकाला सुकली. हा प्रश्न सुट्टीनंतर हमखास येतो. त्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करायचा. बटण दाबलं की आत घरघर होते, हेड एका कोपऱ्यात जाऊन रबराच्या झाकणावर बसतं. बोर्डवरचं बटण मधेच दाबून वीज तोडली, तर हेड उघडंच राहू शकतं आणि शाई सुकते. वीज वाचवायच्या सवयीने आपण बोर्डवरूनच बंद करतो, तिथे घोळ होतो. आधी प्रिंटरचं बटण, घरघर थांबू द्या, मग बोर्ड.

आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहा. हेड क्लीनिंग दोनदा करून बघा, मग रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुन्हा करा. एकामागून एक दहा वेळा करत बसू नका. त्यात शाई वाया जाते आणि ती आतल्या स्पंजमध्ये साठते. तो स्पंज भरला की प्रिंटर संप पुकारतो.

महिन्याला चारच पानं छापत असाल, तीही आधार कार्डाची झेरॉक्स आणि मुलांचे प्रोजेक्ट, तर इंक टँक तुमच्यासाठी नाहीच. काळा-पांढरा लेझर घ्या, टोनर म्हणजे पावडर, ती सुकत नाही. किंवा प्रिंटरच घेऊ नका, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहे. पावसाळ्यात कागद ट्रेमध्ये भरून ठेवू नका. दमट कागद वळतो आणि अडकतो. लागतील तेवढीच पानं घालायची, बाकी गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधून.

मान आणि पाठ दुखते. स्टँडिंग डेस्क घेऊ का?

आधी लॅपटॉप वर उचला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, स्क्रीन हातभर लांब, कोपर काटकोनात. लॅपटॉपमध्ये हे तिन्ही एकाच वेळी जमूच शकत नाही, कारण कीबोर्ड स्क्रीनला चिकटलेला आहे. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस हवाच. स्टँडसाठी पैसे घालवायची गरज नाही. टेबलावर देवघरातला जादा चौरंग ठेवा, उंची अगदी बरोबर येते. सासूबाईंना विचारून.

पैसे खर्चच करायचे असतील तर दुसऱ्या मॉनिटरआधी खुर्चीवर करा. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची तासाभरासाठी बनवलेली असते. ऑफिस बंद करणाऱ्या कंपन्यांच्या वापरलेल्या खुर्च्या शहरांत स्वस्तात मिळतात. गॅस लिफ्ट हळूहळू खाली बसत नाही ना, एवढं पाच मिनिटं बसून तपासा.

मराठी टाइप करायला कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?

कुठलंच नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. दोन मार्ग आहेत. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक लगेच जमतो. दुसरा इनस्क्रिप्ट. तो सरकारी मानक आहे, बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) १९९१ साली स्वीकारलेला. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी रचना असल्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर पंधरा दिवस कंटाळा सोसून हाच शिका. 'दऱ्या', 'वाऱ्या' मधला अर्धा र अडतो, तर शिफ्ट दाबून र, मग हलन्त, मग य. जमलं.

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर ईमेलमध्ये समोरच्याला भलतीच अक्षरं दिसतात.

सीपीयूमध्ये पाल गेली.

जाते. ऊब असते. कॅबिनेटच्या मागे कार्ड काढल्यावर उरलेली उघडी खाच हा तिचा दरवाजा. पत्र्याची पट्टी लावून बंद करा. एसएमपीएसमध्ये शिरली तर ती आणि एसएमपीएस दोघंही जातात. आत झुरळांचा स्प्रे मारू नका, तो पेट घेतो. मुंग्या लॅपटॉपमध्ये येत असतील तर कारण कीबोर्डमधला चिवडा.

लॅपटॉपवर चहा सांडला!

वाचत बसू नका. चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, उघडा लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. हेअर ड्रायरने तर पाणी आणखी आत जातं. साधं पाणी असतं तर वाळून निभावलं असतं, पण साखर आणि दूध बोर्डवर चिकटून हळूहळू गंज चढवतात. त्यामुळे 'दोन दिवसांनी सुरू झाला, ठीक आहे' यावर विश्वास ठेवू नका. उघडून साफ करून घ्या.

नागपुरात मे महिन्यात संगणकासमोर कूलर लावला तर चालेल?

तुमच्यासमोर लावा, संगणकासमोर नको. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी हवा ओली असते आणि कधी तुषारही उडतात. खिडकी उघडी ठेवा, ओलावा बाहेर जाऊ द्या.

संगणकावरची तारीख सारखी जुनी होते आणि बँकेची साइट 'असुरक्षित' म्हणते.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२, घड्याळजी विकतो तोच. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं संगणकाला खोटी वाटतात. सेल बदला, तारीख लावा, झालं. यासाठी 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल' म्हणून पैसे घेणारे आहेत, सावध.

आता सांगा, संगणक फार हळू झालाय. नवीन कोणता घेऊ?

आत फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. जुनी डिस्क सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइट वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास, आणि बारीकसारीक फाइली शोधण्यात तर फरक याहून कितीतरी मोठा. सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारी यंत्रं अर्ध्या मिनिटात उभी राहतात. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून बसत असाल तर १६. रॅमच्याही पिढ्या असतात, डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ बसत नाही, आणि पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाखलेली असते, हे घेण्याआधी बघा.

खरी अडचण विंडोज १० ची आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याहून जुना असेल आणि त्यावर ऑफिसचं किंवा बँकेचं काम होत असेल, तर मात्र नवीन घ्या. मुलांना अभ्यासाला द्यायचा असेल तर लिनक्स टाकून अजून काही वर्षं आरामात काढेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही घ्या, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

घरून काम केल्याने वीजबिल किती वाढतं?

लॅपटॉप ५० वॅट, मॉनिटर २५. रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस: १५ युनिट. बिल फुगलं असेल तर ते एसीने.

'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असा फोन आला.

ठेवून द्या. कोणतीही कंपनी स्वतःहून असा फोन करत नाही. स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकलं असेल तर नेट तोडा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

माळ्यावर जुने कीबोर्ड, केबली, मेलेला लॅपटॉप पडलाय. काय करू?

भंगारवाल्याला देऊ नका. तिथे तांब्यासाठी केबली उघड्यावर जाळल्या जातात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, अधिकृत संकलन केंद्रांतच द्या. पुण्यात स्वच्छ संस्थेचे कचरावेचक आणि त्यांच्या संकलन मोहिमा आहेत. देण्याआधी हार्ड डिस्क काढून ठेवा. फोटो वाचतात का बघायला तिला तीनेकशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून लावा. बऱ्याचदा लॅपटॉप मेलेला असतो, डिस्क नाही.